लाल बटणाची धास्ती

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे आणि स्वभावाने भित्री. टेपरेकॉर्डरच्या लाल बटणाकडे, म्हणजे रेकॉर्डिंगच्या बटणाकडे, कोणाचे बोट वळले, की आजही मला वाटते, संपले आता.

मला आवाज मिळाला तो वेंगुर्ल्यात, काजूच्या कारखान्याच्या रिकाम्या शेडमध्ये. साल एकोणीसशे सत्त्याऐंशी. 'खारो वारो' नावाचा बँड होता. सत्यवती गायची, विश्राम गिटार वाजवायचा, शिवा ड्रम. त्यांच्या संगीताला पंक-फंक म्हणतात. म्हणजे गाणे रागावलेले, पण ऐकणाऱ्याचे पाय नाचलेच पाहिजेत! असले काही कोणती कंपनी काढणार? म्हणून त्यांनी स्वतःच कॅसेट काढायचे ठरवले. सहा गाणी माझ्यावर भरली. पहिले सत्यवतीने रचलेले, जेटीवर मासे निवडणाऱ्या बायांचे. हेच चालणार, असे सगळे म्हणाले. दुसऱ्याच दिवशी शिवा बोटीवरच्या नोकरीला गेला. आता पुन्हा भरणे नाही. सोमवारी मला पणजीला नेऊन प्रती काढायच्या होत्या. तोवर अख्ख्या जगात मी एकटीच. तुम्हीच सांगा, जिवाला स्वस्थता कशी लाभावी?

सत्यवतीने माझ्या पाठीवरचे दोन्ही कान, म्हणजे प्लास्टिकचे छोटे तुकडे, मोडले. ते मोडले, की तिथे भोके पडतात आणि कॅसेट पुसता येत नाही. पण आमच्याकडची माणसे हुशार! त्या भोकांवर शिताने कागद चिकटवतात आणि खुशाल वर दुसरे भरतात.

तिचे वडील काशिनाथ मास्तर डबलबारीचे वेडे. दोन बुवा समोरासमोर बसून भजनात एकमेकांना टक्कर देतात, ती डबलबारी. रविवारी दुपारी देवळात बारी होती आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. हिला हात लावू नका, असे सत्यवतीने आदल्या दिवशी सांगितले होते. मास्तरांनी पेपरात डोके घालून नुसता हुंकार भरला होता. माझ्यावर नावही नव्हते. त्यांनी ताटातली चार शिते उचलली आणि कागद चिकटवला. माझी पाचावर धारण बसली. ओरडणार कशी? कोणी लावल्याशिवाय मला तोंड नाही.

देवळात लाल बटण खाली गेले. सत्यवतीचा आवाज पुसला जात होता आणि त्याच जागी बुवांचा गजर बसत होता. मला दोन्ही कळत होते. चार मिनिटांनी बुवा पाणी प्यायला थांबले. नीट भरले का ते बघायला मास्तरांनी मला मागे नेऊन लावले. गजर संपला आणि ड्रम धडाडले. मग सत्यवतीचे दुसरे गाणे सुरू झाले. मास्तर बारी सोडून घरी आले.

"ह्यो आवाज कोणाचो गो?" त्यांनी विचारले.

"माझो," सत्यवती म्हणाली. तिने मला पहिल्यापासून लावले, पहिल्या गाण्याच्या जागी बुवांचा गजर ऐकला आणि तिचा चेहरा उतरला.

"माका सांगूचा नाय?"

"सांगलेलंय. तुमी आयकूक नाय, बाबा."

ती रडली नाही. मास्तर मात्र रडले.

कॅसेट निघाली, पाच गाण्यांची. खारेपाटणपर्यंत पोरे तिच्यावर नाचली. दिवाळीत मास्तरांनी लेकीला विनवले, ते गेलेले गाणे एकदा म्हण. सत्यवतीने टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि अख्खे म्हटले. मी टेपरेकॉर्डरमध्येच होते, शेजारी कोरी कॅसेट पडली होती. पण मास्तरांनी पुन्हा कधी रेकॉर्डिंग न करण्याची शपथ घेतली होती. ते हात मांडीखाली घेऊन ऐकत राहिले. पुन्हा ती ते गाणे कधी म्हणाली नाही.

मित्रांनो, पुसण्याआधी ऐका. आणि एकदा चुकलात म्हणून हात बांधून बसू नका. मी जन्माची भित्री, पण दिवाळीच्या त्या दिवशी अगदी मनापासून वाटत होते, मला काढा, कोरी घाला आणि कोणीतरी ते लाल बटण दाबा.