मामांची तोंडी परीक्षा

"मामा, उठा तिथून. मुलांना बसायचंय," विभागप्रमुख दारातूनच म्हणाले. "आणि परीक्षक बाईंना आधी पाणी द्या."

मामा उठले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून हळूच म्हणाले, "सर, माझाच नंबर आहे. एकेचाळीस."

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. "अरे हो की!" म्हणत विभागप्रमुखांनी कपाळावर हात मारला. पाणी मात्र मामांनीच आणलं. ग्लास कुठल्या कपाटात असतात, हे दुसऱ्या कोणाला ठाऊकच नव्हतं.

बावीस वर्षं मामा या कॉम्प्युटर लॅबमध्ये मदतनीस होते. सकाळी कुलूप काढायचं, तीस मशीन सुरू करायची, संध्याकाळी बंद करायची, एवढीच काय ती नोकरी. पण मुलांच्या पाठीमागे उभं राहून राहून त्यांना प्रोग्राम वाचता यायला लागले. सेमिकोलन कुठं राहिला, लूप का थांबत नाही, हे ते जाता जाता सांगून जात. मग नियम आला की नोकरीतल्या माणसांनाही पदवीला बसता येईल, आणि पदवी झाली तर लॅबमध्येच शिकवायची जागा मिळेल. मामा तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते. "डोक्यावरचे केस गेले आणि हे निघाले कॉलेजला," असं बायको म्हणाली खरी, पण तिनंच वह्यांना कव्हरं घालून दिली.

पहिलं वर्ष सुरळीत निघालं. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्सचं प्रात्यक्षिक अडकलं. पहिल्या खेपेला परीक्षेच्या सकाळीच आई गेली. दुसऱ्या खेपेला ऐन परीक्षेत वीज गेली. सगळ्यांनी "मामा, मामा" असा धोशा लावला, ते जनरेटर सुरू करायला तळमजल्यावर धावले आणि वर येईपर्यंत निम्मा वेळ सरला होता. सगळ्या मुलांना वाढीव वेळ मिळाला. त्या यादीत मामांचं नाव घालायचं राहून गेलं. आजची खेप तिसरी, म्हणजे नियमाप्रमाणे शेवटची.

तरी सकाळी परीक्षक बाईंना पाहिलं आणि मामांच्या जिवात जीव आला. चौदा वर्षांपूर्वी ही मुलगी याच लॅबमध्ये कोपऱ्यात बसून रडत होती. लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकाला एक जोडलेल्या आकड्यांची साखळी, काही केल्या डोक्यात शिरत नव्हती आणि ती कॉलेज सोडायला निघाली होती. मामांनी पाच पोरांना ओळीनं स्टुलांवर बसवलं, प्रत्येकाला पुढच्याचा हात धरायला लावला आणि तिला म्हणाले, "हं, आता मधल्याला उठव. पण आधी अलीकडच्याला पलीकडच्याचा हात धरायला लाव, मग याचा सोडव. उलटं केलंस तर पुढची सगळी पोरं हरवली म्हणून समज." ती डोळे पुसत हसली होती. त्या वर्षी ती वर्गात पहिली आली.

आज बाईंनी मामांकडे पाहिलं आणि विभागप्रमुखांना विचारलं, "हे कोण?"

"आमचे शिपाई. म्हणजे... लॅबमधले मदतनीस. हौस आहे त्यांना."

मामांच्या चिठ्ठीत लिंक्ड लिस्ट उलटी करायचा प्रोग्राम आला होता. त्यांनी तो लिहून, चालवून तयार ठेवला होता. बाईंनी पाच आकडे टाकले, ते उलटे झाले. एकच टाकला. मग काहीच न टाकता नुसतं एंटर दाबलं. बहुतेकांचे प्रोग्राम तिथंच गडगडत होते. मामांचा हलला नाही.

"व्याख्या सांगा लिंक्ड लिस्टची."

"बाई, डबे असतात. प्रत्येक डब्यात एक वस्तू, आणि पुढचा डबा कुठं ठेवलाय त्याचा पत्ता..."

"डबे!" विभागप्रमुख खो खो हसले.

"पुस्तकातली व्याख्या सांगा."

मामांनी ती घोकली होती. भाजी चिरता चिरता बायकोनं महिनाभर म्हणून घेतली होती. आता एक शब्द म्हणून आठवेना.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "प्रोग्राम तर छान येतो आणि व्याख्या येत नाही. परीक्षेच्या चिठ्ठ्या इथं कोण छापतं?"

मामांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं. मी स्वतः परीक्षेला बसतोय, तेव्हा या वेळी चिठ्ठ्या मला छापायला देऊ नका, असा अर्ज मामांनीच केला होता. त्यावर सही विभागप्रमुखांचीच होती आणि चिठ्ठ्याही त्यांनीच छापल्या होत्या. पण गेले दोन महिने ते येता जाता म्हणत होते, "मामा शिकवायला लागले तर लॅब कोण बघणार?" आता ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"सर, तुम्ही सांगा ना," मामा म्हणाले.

"छापायचं काम तसं... मामांकडेच असतं," विभागप्रमुख म्हणाले.

"या तुम्ही," बाई म्हणाल्या.

मामांनी खुर्ची आत सारली. पुढचा नंबर एका चष्मेवाल्या मुलीचा होता. तिचं मशीन अडकलं होतं. मामांनी टेबलाखाली वाकून वायर नीट बसवली.

"मामा, चांगली गेली ना?" तिनं कुजबुजत विचारलं.

"तू तुझं बघ पोरी. घाबरू नकोस."

दुपारी मुलं पांगली, विभागप्रमुख जेवायला गेले. लॅबमध्ये बाई गुण भरत बसल्या होत्या. मामा खुर्च्या सरळ करत करत त्यांच्यापर्यंत आले आणि थांबले.

"मला ओळखलं नाहीत का, बाई?"

बाईंनी मान वर केली नाही. "ओळखलं. म्हणून तर. उद्या कोणी म्हणालं, ओळखीच्या शिपायाला पास केलं, तर? परीक्षक म्हणून माझी ही पहिलीच वेळ आहे, मामा."

मामांनी एक खुर्ची उगाच पुन्हा सरकवली.

"बरं, जरा बघता का?" बाई म्हणाल्या. "मघापासून सेव्हच होत नाहीये."

मामा स्क्रीनवर वाकले. पन्नासपैकी गुण, पास व्हायला वीस. एकेचाळीस नंबरपुढे अकरा होते. एका मुलापुढे शून्य होतं, पण हजेरीचा रकाना रिकामा राहिला होता, म्हणून फॉर्म पुढे सरकत नव्हता.

"गैरहजर मुलापुढे शून्य घालून चालत नाही, बाई. तिथं 'गैरहजर' निवडावं लागतं," मामा म्हणाले. "हं, निवडा. आता दाबा."

फॉर्म सेव्ह झाला.

"एकदा सगळे आकडे तपासून घ्या. एकेचाळीसला अकराच ना?"

"हो," बाई म्हणाल्या.

मामांनी यादीची प्रिंट काढली, कागद टेबलावर ठोकून सारखे केले, टाचणी लावली. मग खिशातलं पेन काढलं आणि टोपण उघडून सहीसाठी बाईंपुढे धरलं.