आबांचे पाय आणि गरम पाण्याचा टब

प्रवीणने गरम पाण्याचा टब टेम्पोतून उतरवला, तेव्हा शेजारच्या रामहरीने त्याला पूर्ण प्रदक्षिणा घातली.

"काहील झकास हाय," तो म्हणाला. "आता ऊस आना. गूळ काढू."

टब सुप्याजवळच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातला. प्रवीण सुप्यालाच एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता आणि सुट्टीला कर्जतकडे गावी यायचा. टब त्याने रिकाम्या गोठ्यात बसवला, वडिलांसाठी, म्हणजे आबांसाठी. बन्सीआबांनी जन्मभर एसटी चालवली आणि निवृत्तीनंतर शुगरने त्यांच्या पायांची जाणच नेली. तळव्याला विंचू डसला असता तर ते फक्त विंचवाला कळलं असतं. हॉटेलवाला म्हणाला, या टबात भल्याभल्यांचे पाय मोकळे झाले. डॉक्टर म्हणाले, असले पाय गरम पाण्यात अजिबात घालू नका. प्रवीणने दोघांचंही नीट ऐकून घेतलं. पण डॉक्टर बोलले तोवर टब टेम्पोत चढला होता.

दर सुट्टीला तो आबांना उचलून टबात बसवायचा आणि विचारायचा, "आबा, काय कळतंय का?"

"न्हाई रे."

प्रवीणचा चेहरा पडायचा. आपला चेहरा आपल्याला दिसत नाही, पण समोरच्याला दिसतो, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही.

मग हीटर बंद पडायला लागला. जरा वेळ चालायचा, की खटकन बंद. कारण साधं होतं. टँकरचं पाणी गढूळ, म्हणून त्याची आई, भागिरथीबाई, रांजणात फिरवायच्या तशी टबातही तुरटी फिरवायच्या. गाळाचे लोळे व्हायचे, पंप ते ओढून फिल्टरमध्ये नेऊन ठासायचा. पाणी आरशासारखं स्वच्छ झालं होतं, फक्त फिरत नव्हतं.

पुण्याच्या मेकॅनिकने फोनवर सांगितलं, "आधी फिल्टर काढून धुवा. पाणी फिरत नसेल तर हीटरने बंद पडायलाच पाहिजे."

प्रवीणने त्यातलं 'बंद' एवढंच ऐकलं. विहिरीवरची मोटर सारखी ट्रिप व्हायला लागली की गावात काय करतात? डायरेक्ट जोडतात. कारखान्यात त्याने असं कधीच केलं नसतं, तिथं सुरक्षिततेचा बोर्ड होता. गोठ्यात बोर्ड नव्हता. पाणी फिरतंय का ते बघणारा एक स्विच आणि ते फार तापलं तर हीटर बंद पाडणारा दुसरा, दोन्ही त्याने वायरी जोडून बाजूला केले. हीटर सुरू झाला. लाल दिवा लागला. प्रवीणला आपल्या हातांचं कौतुक वाटलं.

टबातलं पाणी कोपराने बघितलं, कोमट होतं. फक्त तळाच्या एका भोकातून, हीटरमध्ये अडकून उकळलेलं पाणी बारीक धारेने येत होतं. ऊब येते ती तिथूनच, एवढं प्रवीणला माहीत होतं. म्हणून आबांचे पाय त्याने नेमके त्या भोकाला टेकवून ठेवले.

"आबा, काय कळतंय का?"

आबांनी जरा वेळ त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "गरम लागतंय रे."

"खरं?"

"खोटं कशाला बोलू? उजव्याला जरा जास्तीच."

"भाजत न्हाई ना?"

"लई ब्येस वाटतंय. ऱ्हाऊ दे तसंच."

प्रवीण ओरडतच बाहेर पळाला. "आई! आबांच्या पायाला कळतंय!" भागिरथीबाई हातात तुरटी घेऊनच धावल्या आणि रडल्या. रामहरी आला. "मायला, निघाला की गूळ!" म्हणून त्याने टबाला हात जोडले. चहा झाला. आबांनी टबात बसूनच घेतला. तळाशी कोणीच हात घालून बघितलं नाही. ज्याला कळतंय तो माणूस स्वतः आत बसलाय म्हटल्यावर बघायचं काय?

बाहेर काढून पाय पुसताना उजव्या तळव्याची कातडी टॉवेलबरोबर निघून आली. आबा अजून हसतच होते.

नगरच्या दवाखान्यात जखम चिघळत गेली. शेवटी पाय घोट्याच्या वरून काढला. आबा शुद्धीवर आल्यावर प्रवीणने विचारलं, "आबा, तुमी तर म्हणालात कळतंय."

"दर बारीला तू इचारायचास," आबा म्हणाले. "तुझं तोंड बघवत नव्हतं. म्हनलं, येकदा व्हय म्हनू."

पुढे तो पुण्याचा मेकॅनिक येऊन गेला. त्याने फिल्टर धुतला, वायरी पूर्ववत केल्या. पाणी सगळीकडून सारखं तापायला लागलं. "आता बिनधास्त वापरा," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी आबांनी खाटेवरून हाक मारली.

"परवीन, पाय भाजतोय रे."

"कुठला?"

"उजवा."

चादर जिथं सपाट पडली होती, तिथं प्रवीणने बघितलं.

"आबा, खरं सांगा."

"आता खरंच सांगतोय. बोटांना लई आग हुतीया. पानी घाल बाबा."

प्रवीणने रांजणातून तांब्याभर गार पाणी आणलं आणि तो खाटेपाशी उभा राहिला. ओतायचं कुठं, ते त्याला कळेना.