घडवणाऱ्याचं नाव

कमलबाईंना परभणीला बोलावलं ते नावं घालायला. दुसरं कशाला बोलावतील? उभी हयात त्यातच गेली त्यांची. सेलूच्या बाजारात नवरा बन्सीधर पितळ ठोकायचा आणि त्याच दुकानाच्या उंबऱ्याशी बसून कमलबाई भांड्यांवर नावं घालायच्या. लग्नातला हंडा असो की बारशाची वाटी, छिन्नी-हातोडीनं ठिपका ठिपका करत नाव उमटवलं, की भांडं त्या घरचं झालं.

संग्रहालयात अप्पाराव पेडगावकरांच्या दिव्यांचं प्रदर्शन लागलं होतं. अप्पाराव इथल्याच पेडगावचे. मुंबईला शिकले आणि बिननक्षीचे, साधे, पितळेचे असे दिवे काढले की बघणारा बघतच राहावा. जाऊन बारा वर्षं झाली त्यांना. आता दाराशी टेबल मांडून कमलबाईंना बसवलं होतं. येणाऱ्याचं नाव तांब्याच्या चकतीवर घालून द्यायचं, आठवण म्हणून. डोक्यावर फलक काय, तर 'जिवंत लोककला'. जिवंत म्हणे! मेल्यावर विचारायचं ठरलं होतं का यांचं?

पण बाई आल्या. आल्या त्या एका दिव्यासाठी. बन्सीधर जाऊन चार वर्षं झाली, दुकान मोडलं, ऐरण भंगारात गेली. नवऱ्याचं नाव धातूवर कुठं राहिलं असेल तर त्या एकाच दिव्यात, आतल्या अंगाला. ते एकदा डोळ्यांनी बघायचं आणि त्यावरून बोट फिरवायचं, एवढंच होतं मनात.

दुपारी गर्दी पांगली तशा त्या पदराला हात पुसत आत गेल्या. दिवा लांबूनच ओळखला. उमलायच्या बेतात असलेल्या कपाशीच्या बोंडासारखा आकार, कुठं सांधा नाही, एका पत्र्यातून काढलेला. खाली पाटी होती. आयुष्यभर अक्षरं ठोकलेली बाई, तिला वाचायला कितीसा वेळ लागतो!

'रचना : अप्पाराव पेडगावकर. घडण : अज्ञात कारागीर.'

तळपायाची आग मस्तकात गेली त्यांच्या.

"अगं ए पोरी!" त्यांनी हाक मारली. प्रदर्शन मांडणारी वैदेही पलीकडेच होती, भली पोरगी, सकाळपासून तीनदा चहा विचारून गेली होती. "ह्ये अज्ञात कोण म्हणायचं?"

"आजी, कुणी घडवला त्याची कुठं नोंदच सापडली नाही."

"नोंद? दिव्याच्या आत नाव हाय. मी घातलंय, ह्या हातानं!"

आणि कसं घातलं तेही त्यांनी तिथंच सांगून टाकलं. अप्पाराव कागदावर चित्र घेऊन आले होते. बन्सीधर म्हणाला, कागद वाकतो तसं पितळ वाकत न्हाई साहेब, गळ्याशी फाटतंय. आणि फाटलंच. एक फाटला, दुसरा फाटला, पाच वाया गेले. मग बन्सीधरनं आपल्या मनानं गळा जरा फुगवला, आणि दिवा उभा राहिला. अप्पारावांनी आत बल्ब लावला, निरखून बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, रेघ माझी, पण उजेड याचा. बाहेरून अक्षर नको, आतून याचं नाव घाला." बन्सीधर लाजून चूर झाला होता. "भांडं ज्याच्या घरी जायचं त्याचं नाव घालावं, घडवणाऱ्याचं कुणी घालतंय का?" तरी बाईंनी घातलं. आयुष्यात एकदाच.

वैदेहीचा चेहरा उतरला. तिनं अप्पारावांच्या नातवाकडं, शंतनुकडं पाहिलं. प्रदर्शनासाठी दिवे त्यानंच दिले होते. तो पुढं आला.

"ते नाव होय?" तो म्हणाला. "ते आम्ही काढलं. सगळे दिवे पॉलिशला दिले होते तेव्हा. भांड्यावर नाव मालकाचं असतं ना आजी, आपल्या घरी नसतं का? आम्हाला वाटलं, मधल्या काळात दिवा कुण्या बन्सीधरकडं होता, त्यानं आपलं नाव टाकून घेतलं."

"काढलं म्हंजी?"

"घासून."

वैदेहीनं पांढरे हातमोजे चढवले, दिवा टेबलावर आणला आणि आडवा केला. कमलबाई वाकल्या. आत लख्ख. आरशासारखं. त्यांनी बोट फिरवलं. कुठं काही लागलं नाही.

"आरं देवा," त्या एवढंच म्हणाल्या, आणि डोळे भरून आले. पण ते क्षणभरच. रडायला का आल्या होत्या त्या?

"आजी, आपण समितीपुढं ठेवू," शंतनु समजुतीनं बोलला. "काही पुरावा असेल तर द्या, पावती, फोटो. पुढच्या वेळी पाटी बदलता येईल. आता एक करा, पाच वाजता प्रमुख पाहुणे येताहेत, आबासाहेब. त्यांच्या नावाची चकती तेवढी आधी करून ठेवा."

वा रे वा! पुरावा स्वतःच्या हातानं घासून टाकायचा आणि वर पुरावा मागायचा! चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. बाई सरळ बाहेर गेल्या. शंतनुला वाटलं, चकती करायला गेल्या. पण त्या हातोडी-छिन्नी घेऊन परत आल्या, फरशीवर मांडी घातली, टेबलावरचा दिवा उचलून मांडीत घेतला, आणि वैदेही हातमोजे सावरतेय तोवर पहिला ठोका पडलासुद्धा.

"आजी! काय करताय! खराब होईल तो!"

"नाव घातल्यानं भांडं खराब होत न्हाई. पुसल्यानं व्हतंय."

"अहो, कुणीतरी धरा यांना!"

कोण धरणार? शिपाई पुढं आला आणि थबकला. सकाळीच त्यानं लेकीच्या नावाची चकती घालून घेतली होती, खिशातच होती. हातात आपापल्या चकत्या घेऊन लोक गोळा झाले. वैदेही शंतनुच्या आडवी उभी राहिली. "थांब," ती म्हणाली, "आपणच चुकलोय." हॉलमध्ये नुसती टिकटिक टिकटिक. वय झालेला हात, पण एक ठिपका हलला नाही.

"उभ्या तालुक्याची नावं घातली मी," बाई मान वर न करता बोलत होत्या. "कुणाच्या सुनेचं, कुणाच्या जावयाचं. घडवलं कुणी म्हणून एकानं इचारलं न्हाई कधी. तुज्या आज्यानं इचारलं. एकटा त्योच. आन तू त्येच घासलंस व्हय रं?"

शंतनुनं घड्याळाकडं पाहिलं; पाच वाजत आले होते.

नाव पुरं झालं तशी बाईंनी पदरानं आतली बाजू पुसली, त्यावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि दिवा वैदेहीच्या हातात दिला. वैदेहीनं तो जागेवर ठेवला आणि खालची पाटी उपटून काढली.

कमलबाईंनी हत्यारं पिशवीत टाकली आणि दाराकडं निघाल्या. शंतनु मागं धावला. "आजी, आबासाहेबांची चकती राहिली की! गाडी फाटकाशी आलीय!"

बाईंनी टेबलावरची एक कोरी चकती उचलली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"हीच द्या," त्या म्हणाल्या. "तुमाला घासायचे बी कष्ट नकोत."