अंदाजाची चिठ्ठी

आमच्या देऊळगाव राजाच्या वाचनालयात हेर निळकंठाच्या एकाही पुस्तकाला शेवटचं पान नाही. ती पानं मीच ब्लेडनं कापली. मी तिथला ग्रंथपाल. लोक आधी शेवट वाचायचे आणि खुनी कोण ते बाजारात सांगत सुटायचे. मग मी नियमच केला. पुस्तक वाचा, अंदाज चिठ्ठीवर लिहून द्या. मी त्यावर लाल पेन्सिलीनं ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ लिहीन आणि मग पान हातात देईन. अंदाज चुकला तरी पान मिळणार, पण चिठ्ठीशिवाय नाही. पानं पाकिटात, पाकिटाला गोंद, गोंदावर माझी सही, आणि सगळी पाकिटं कुलूपबंद पेटीत. किल्ली माझ्या जानव्याला.

लोक मला खडूस म्हणतात. असेनही.

बायकोलाही मी या नियमातून सोडलं नाही. सुहासिनी माहेरची सोनाळ्याची, आणि निळकंठ म्हणजे तिचा जीव की प्राण. धोतर, मिटलेली छत्री, खिशात फुटाणे आणि तोंडात कधी खोटं नाही, असा तो माणूस. त्याचं ‘पाणवठ्यावरचा कंदील’ एवढं एकच पुस्तक तिचं राहिलं होतं. ते तिनं दवाखान्यात वाचून संपवलं. चिठ्ठी लिहायला हात उचलवत नव्हता.

“काऊन हो, तोंडी सांगितलेलं चालत नाही काय?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, बरी हो, घरी चल आणि लिहून दे. मी गंमत करत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. दोन वर्षं झाली. एक वाक्य सांगायला माझं काय जात होतं, हे मी रोज स्वतःला विचारतो आणि रोज माझी मलाच चीड येते.

मागच्या वर्षी पुण्याहून आल्हाद नावाचा दिग्दर्शक आला. त्याला याच पुस्तकावर सिनेमा काढायचा होता, आणि याची दुसरी प्रत त्याला कुठेच मिळाली नव्हती. मी त्यालाही चिठ्ठी पुढे केली. त्यानं हसत लिहिलं, ‘खुनी निळकंठ स्वतः.’ मी लाल पेन्सिलीनं ‘चूक’ लिहिलं आणि पेटी उघडायला गेलो. तो म्हणाला, राहू द्या काका, आम्हाला हाच शेवट हवा आहे, आजच्या प्रेक्षकाला धक्का द्यावा लागतो. पान न घेताच तो गेला. असा वाचक मी जन्मात पाहिला नव्हता.

सिनेमा शुक्रवारी लागला. शनिवारी मी बसनं जालन्याला गेलो. दुपारी बाराचा खेळ, थेटरात जेमतेम नऊ डोकी. शेजारच्या, भिंतीकडच्या खुर्चीवर मी पिशवी ठेवली. पडद्यावर निळकंठ आला तो चामडी जाकीट घालून, शिव्या देत. छत्री नाही, फुटाणे नाहीत. तरी मी दम धरून बसलो. शेवटी त्यानं आरशासमोर उभं राहून खून कबूल केला, तेव्हा माझे कान तापले. घरातल्या माणसावर कुणी आळ घ्यावा तसं वाटलं.

तेवढ्यात शेजारून ‘च्’ असा आवाज आला.

डाळ करपली, बातम्यांत कुणी खोटं बोललं, की सुहासिनी असंच करायची. मी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. मी तिच्यावर ठेवलेली पिशवी खाली जमिनीवर होती, भिंतीला नीट टेकवून ठेवलेली.

परतीच्या बसमध्ये मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो. चार वाजता थेट वाचनालयात शिरलो. खरं पान पुन्हा वाचल्याशिवाय मला घास उतरला नसता. पेटी उघडली, पाकीट काढलं. गोंद शाबूत, सही माझीच. पाकीट फाडलं.

आत पान होतं. पानाला एक चिठ्ठी गुंडाळली होती. अक्षर उजवीकडे कललेलं, वर रेघ न देता लिहिलेलं. तिला रेघ द्यायचा कायम कंटाळा.

‘पिच्चरमधला निळकंठ आपला नव्हे. त्यानं कधी खून केला नाही. पुस्तकातला खून, मले वाटते, धाकट्या जावेनं केला. आता तरी पान द्या.’

पळून जावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू? बाहेर रस्त्यावर भर उजेडात कुणीतरी कुणाला हाक मारत होतं, आणि आत माझ्या टेबलासमोरची वाचकांची खुर्ची थोडी मागे सरकलेली होती, कुणी नुकतंच येऊन बसावं तशी.

मी चष्मा पुसला आणि पान मोठ्यानं वाचायला घेतलं. सावकाश वाचलं, तिला आवडायचं तसं. खून दिवाणजीनं केला होता. निळकंठ ते सगळ्यांसमोर सांगतो, छत्री उचलतो आणि पाऊलवाटेनं निघून जातो.

वाचून झालं. चिठ्ठी माझ्यासमोर होती. नियम म्हणजे नियम. मी लाल पेन्सिल उचलली आणि तिच्या अंदाजाखाली ‘चूक’ लिहिलं.

समोरून ‘च्’ ऐकू आलं.

मी मान वर केली नाही. “चुकला तरी पान मिळतं, सुहास,” मी म्हणालो, आणि ते पान खुर्चीच्या बाजूला सरकवून ठेवलं.