शहाण्यासारखी झोप

“आज तरी टोचू नका हो सिस्टर. बघा ना, कसं शहाण्यासारखं झोपलंय!”

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या त्या खोलीत बाळांच्या आया आपल्याला मागून ‘टोचणीबाई’ म्हणतात, हे सिस्टरला ठाऊक होतं. म्हणोत बापड्या! या बाळाच्या अंगात इन्सुलिन भलतंच जास्त तयार व्हायचं. लाखात एखाद्याचं दुखणं. त्याने रक्तातली साखर उतरली की ते रडत नसे, गुपचूप झोपी जाई. म्हणून दर थोड्या तासांनी टाच टोचून साखर बघावी लागे.

फार वर्षांपूर्वी असंच एक बाळ झोपलं, ते उठलंच नाही. तेव्हा हा आजार कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. “आज अगदी त्रास दिला नाही हो,” त्याची आई कौतुकाने म्हणाली होती. ते वाक्य सिस्टरची पाठ सोडत नव्हतं. घरी नवरा दुपारी जरा कलंडला, तरी ती त्याला गदागदा हलवायची. “अगं बाई, जिवंत आहे मी!” तो करवादायचा.

“आज मी नाही टोचत,” सिस्टर या बाळाच्या आईला म्हणाली. “तू टोच.”

“मी? छे हो!”

“मग घरी कोण टोचणार? मी येऊ तुझ्यामागे? तुला जमल्याशिवाय डॉक्टर सोडायचे नाहीत. धर टाच. मधे नाही, कडेला.”

आईने डोळे मिटून घेतले, पुन्हा उघडले आणि टोचलं. इवलासा पाय हललासुद्धा नाही.

“सिस्टर, हे रडत का नाही?”

रक्ताचा थेंब यंत्राला लावून आकडा उमटेपर्यंत सिस्टरने डॉक्टरांना हाक मारली होती. शिरेतून साखरेचं पाणी गेलं. भिंतीला टेकून आई नुसती बघत राहिली. अखेर बाळाने टाहो फोडला, तशी तीही हुंदके देऊन रडू लागली.

“मीच म्हणत होते, राहू द्या...”

“सगळ्याच म्हणतात गं,” सिस्टर म्हणाली.

दूध पिऊन बाळ पुन्हा झोपलं. साखर आता छान होती. सिस्टरने दोनदा सांगितलं, “ही खरी झोप आहे. तूही पड जरा.”

“हो,” आई म्हणाली. पण पडली नाही. वाकून एका बोटाने ती बाळाच्या तळव्याला गुदगुल्या करत राहिली. पाय आखडला की थांबायची, मग पुन्हा.

नको गं, असं सिस्टरच्या अगदी ओठांवर आलं. पण तिने कोपऱ्यातली खुर्ची ओढून आणली आणि त्या पोरीच्या मागे ठेवली.