तिसरा टॅपेट

सुभानरावांची पिकअप कधी गॅरेजमध्ये गेलेली मांजलपूरच्या त्या सोसायटीत कुणी पाहिली नव्हती. कारखान्यात आयुष्यभर कॉम्प्रेसर सांभाळलेल्या फिटरनं दुसऱ्याच्या हाती पाना द्यायचा म्हणजे काय! त्र्याण्णव साली त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, ही जुनी पिकअप दारात आणली आणि वाघोडियाच्या कारखान्यांना लाकडी खोकी पोचवायला लागले. तेव्हापासून क्लच म्हणू नका, रिंगा म्हणू नका, गाडीचं सगळं बाळंतपण घरासमोरच्या लिंबाखालीच झालं. निरुपमाबाई चावीपाशी बसायच्या आणि यांनी हात वर केला की गाडी चालू करायच्या. कारखान्यातल्या गोंगाटात खुणांनीच बोलायची सवय. ती त्यांनी घरीही आणली होती.

काय दिवस होते ते! दुपारी वाघोडियाहून परतावं, गाडी लावावी, साबणानं काळे हात धुवावेत आणि पाटावर बसावं, तर ताटात तव्यावरची पोळी, टम्म फुगलेली. बायको नेमकी वेळ कशी साधते, हे विचारावं असं त्यांना कधी सुचलंच नाही. नवऱ्यांना अशा गोष्टी सुचत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यापासून मात्र पोळी गार मिळू लागली. ‘हिचं आता वय झालं,’ असं मनाशी म्हणून सुभानराव मुकाट्यानं जेवत. वय खरं तर त्यांच्या कानांचं झालं होतं. कॉम्प्रेसरनं आपला वाटा हळूहळू उचलला होता. ते ही गोष्ट घरात कुणाला कळू देत नव्हते, कारण ज्याला इंजिन ऐकू येत नाही त्यानं इंजिनाला हात लावू नये, हे ते स्वतःच तरुण फिटरांना सांगत आले होते.

शेवटी मुलगा अनीश बोलला. ‘‘बाबा, हवे जवा दो ने, जाऊ द्या ना आता ही गाडी! किती खडखडते ती. अख्खी सोसायटी बोलते. तुम्हाला ऐकू नाही येत?’’

पोरानं सहज विचारलं, पण सुभानरावांना ते झोंबलं.

‘‘भंगारवाला बघून ठेवलाय मी,’’ अनीश म्हणाला. ‘‘सोमवारी येईल.’’

‘‘रविवारी दुरुस्त करतो. आवाज राहिला तर खुशाल ने म्हणावं.’’

रविवारी सकाळी लिंबाखाली बॉनेट उघडलं. सुभानरावांनी गेजची पातळ पट्टी सरकवून इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या एकेका टॅपेटची फट मोजली; ती वाढली की खडखड होते. सगळ्या फटी अगदी बरोबर. मग निरुपमाबाईंना खूण करून त्यांनी इंजिन चालू करायला लावलं, लांब डिसमिसचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. अशानं बिघडलेला टॅपेट नेमका ऐकू येतो. त्यांना नुसती थरथर जाणवली. आवाज नाहीच. तरी ते जाणकारासारखी मान हलवत राहिले. मोठं केविलवाणं दृश्य होतं ते.

निरुपमाबाई खाली उतरल्या आणि पदर खोचून हात पुढे केला. ‘‘द्या ते डिसमिस इकडे.’’

‘‘तुला काय कळणार त्यात?’’

‘‘अहो, तुम्हाला ऐकू येत नाही ते मला केव्हाचं ठाऊक आहे,’’ त्या त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या. ‘‘टीव्ही लावलात की शेजारच्यांना बातम्या कळतात.’’

सुभानरावांचा चेहरा पडला. डिसमिस त्यांनी देऊन टाकलं.

निरुपमाबाईंनी डिसमिसची मूठ कानामागे धरून डोळे मिटले. पहिल्या टॅपेटवर नकारार्थी मान हलवली, दुसऱ्यावरही. तिसऱ्यावर थांबल्या. ‘‘इथं. हा आवाज आपल्या गाडीचा नाही.’’

सुभानरावांनी इंजिन बंद केलं. तिसऱ्या टॅपेटवरच्या रॉकरच्या, म्हणजे झडप दाबणाऱ्या दांडीच्या, खालून त्यांनी बोट फिरवलं, तर घासून घासून तिथं बारीकसा खड्डा पडलेला. सपाट पट्टी खड्ड्यावरून सरळ जात होती आणि खरी फट लपून राहत होती. कानांवर भरवसा उरला नाही म्हणून ते गेजवर विसंबले आणि फसले. आता कानानंच जुळवायला हवं होतं. इंजिन पुन्हा चालू केलं, त्यांनी स्क्रू जरा आवळला, निरुपमाबाईंनी ऐकून खूण केली. ‘‘अजून.’’ पुन्हा आवळला. ‘‘जास्त झालं.’’ किंचित सोडला.

‘‘बस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता आपली गाडी.’’

‘‘पण तुला कसं ठाऊक, आपली कशी वाजते ते?’’

निरुपमाबाई हसल्या. ‘‘इतकी वर्षं कशावर पोळी टाकत होते मी? गाडी कोपऱ्यावर वळल्याचं ऐकायचं आणि तवा तापवायचा. हल्ली ओळखूच येत नव्हती. वाटायचं, दुसऱ्याच कुणाची आली.’’

 सुभानरावांनी काळे हात पुन्हा पुन्हा पुसले.

दुपारी ते एकटेच वाघोडियापर्यंत जाऊन आले. इंजिन कसं वाजतंय ते वाटेत त्यांना कळलं नाही. कोपऱ्यावर वळताना त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं तेवढंच. गाडी लावली, हात धुतले आणि येऊन पाटावर बसले. अनीश समोर जेवत होता.

ताटात पोळी पडली. सुभानरावांनी ती मोडली, तर वाफ निघाली आणि बोटांना चटका बसला.

‘‘अनीश,’’ ते म्हणाले, ‘‘त्या भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांग.’’