काशीबाईचं पत्र

आचऱ्याच्या शाळेत विमला सातवीत होती आणि तिच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. बाजारात काशीबाईने एकदा तिला सगळ्यांसमोर "दांडगी" म्हटलं, ते तिने मनात ठेवलं. चार दिवसांनी काशीबाईच्या मुलाचं, भिकाजीचं, मुंबईहून पोस्टकार्ड आलं. काशीबाईला वाचता येत नव्हतं. दारावरून विमला जात होती, तिलाच तिने हाक मारली.

विमलाने घडाघडा वाचलं, "आवशी, मी हंय लगीन केलंय. रागावू नको."

काशीबाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी, भिकाजीसाठी ठरत आलेली सोयरिक मोडायला ती तोंडवळीच्या वाटेला लागली. वाटेत शाळेचे गुरुदास गुरुजी भेटले. त्यांनी रडण्याचं कारण विचारलं, कार्ड मागून घेतलं आणि तिला तिथूनच परत फिरवलं. खरं काय ते मात्र सांगितलं नाही. "भिकाजी बरा आहे. बाकीचं संध्याकाळी कळेल," एवढंच म्हणाले.

शाळा सुटल्यावर ते विमलाला घेऊन काशीबाईच्या घरापुढच्या खळ्यात आले.

"सांग," गुरुजी म्हणाले.

विमला पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाली, "काकी, मी खोटा वाचलंय. लगीन नाय झाला."

काशीबाईने हात उगारला, आणि तसाच खाली घेतला. "आधी खरा काय ता वाच."

भिकाजी गिरणीत कायम झाला होता. चतुर्थीला येणार होता. काशीबाईने ते चार वेळा वाचून घेतलं.

"यापुढे वाडीतली पत्रं हीच वाचेल, उत्तरंही हीच लिहील," गुरुजी म्हणाले.

"ह्या? परत?" काशीबाईने विमलाकडे बोट दाखवत विचारलं.

"परत."

सुरुवातीला बायका विमलाकडून वाचून घेत आणि तेच पत्र घेऊन गुरुजींकडे जात. गुरुजी न कंटाळता वाचत. शिमग्यापर्यंत त्यांचं गुरुजींकडे जाणं थांबलं.

मग वाडीतल्या नर्मदाकाकीच्या नवऱ्याचं मुंबईहून पत्र आलं. विमला मधेच अडखळली, "आत्ता येतंय हां," म्हणून उठली आणि धावत गुरुजींच्या घरी गेली.

"गुरुजी, यंत्रात काकांचं बोट गेलंय. एवढं गाळू?"

गुरुजींनी थोडा विचार केला. "पत्र तिचं आहे विमला. पण उभ्याने वाचू नकोस. तिच्याजवळ बस."

विमला नर्मदाकाकीला टेकून बसली आणि सगळं वाचलं. काकी रडली. विमला हलली नाही. शेवटी काकीने डोळे पुसून विचारलं, "खंयचो हात?"

"डावो."

"मगे लिव, तेलाचो हात फिरवीत रवा म्हणान."

परीक्षा झाल्यावर विमलाचा बाप गुणाजी म्हणाला, आता शिकणं पुरे, सुकी मासळी कोण बघणार? दुसऱ्या सकाळी काशीबाई, नर्मदा आणि आणखी तिघी त्याच्या पडवीत येऊन बसल्या. जाळं विणता विणता गुणाजीने सगळ्यांचं ऐकून घेतलं. पाच जणींपुढे त्याचं काय चालणार?

"बरा बाये, जांव दे तिका," तो म्हणाला.

जूनमध्ये मालवणच्या शाळेत नाव घालायला गुरुजी स्वतः विमला आणि गुणाजीबरोबर गेले. विमला तिथल्या मावशीकडे राहिली. पहिल्या महिन्यात तिचं कोणाशीतरी भांडण झालं म्हणे, पण दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन मिटवलं.